घाट चढणारी जुनी हॅचबॅक: शोधाच्या आणि दुरुस्तीच्या नोंदी

२२ सप्टेंबर २०२४, रविवार

जुनी गाडी आज भंगारात दिली. ४२ हजार आले. इंजिन ठणठणीत होतं, पण मेस्त्रींनी जॅक लावला आणि गाडी वर उचलायच्या ऐवजी जॅकच पत्र्यात शिरला. रत्नागिरीजवळ भाट्याच्या किनाऱ्यापासून पाचशे पावलांवर घर. चौदा पावसाळे आणि खारा वारा तिने सोसला, तिच्याबद्दल तक्रार नाही.

आता दुसरी शोधायची. महिन्यातून दोनदा सीसीटीव्हीचा आणि इन्व्हर्टरचा माल आणायला मला कोल्हापूरला जावं लागतं. पाली, नाणीज, साखरपा, मग आंबा घाट, मलकापूर. सगळं मिळून एकशेतीस किलोमीटरच्या आसपास. त्यातला घाट मजेत चढता यावा, एवढीच हौस आहे. शून्य ते शंभर किती सेकंदांत हा हिशेब रत्नागिरीत कशाला हवा? शंभरला जायला रस्ता तर पाहिजे. पुढे चिऱ्याचा ट्रक कुंथत चाललेला असताना दोन वळणांमधल्या सरळ तुकड्यात, समोरचं स्वच्छ दिसत असताना, गाडीने चटकन उचल खाल्ली पाहिजे. आणि वळणात अंग टाकू नये.

बजेट ४ लाख. टायर, कागदपत्रं, दुरुस्ती, सगळं धरून. हिची अट एसी चांगला हवा. आईची अट मागे बसताना गुडघे मुडपायला लागू नयेत. बाबांनी फक्त विचारलं, "आंब्याच्या पेट्या किती बसतील?"

२९ सप्टेंबर, रविवार

आठवडाभर जाहिराती चाळल्या. पळणाऱ्या हॅचबॅक आपल्याकडे मुळातच मोजक्या आल्या, त्यातल्या वापरलेल्या आणि चार लाखांच्या आतल्या त्याहून कमी.

पुंतो अबार्थवर जीव आहे. १४५ पीएस (इंजिनच्या ताकदीचं माप, हॉर्सपॉवरसारखंच), चारही चाकांना डिस्क ब्रेक. पण पोट रस्त्याला लागतं आणि आमच्या घरचा चढ चिऱ्याच्या पायऱ्या मोडून केलेला आहे. तिथे पहिल्याच दिवशी पुढचा बंपर ठेवून यावा लागेल. आय-२० एन लाइन (१२० पीएस) बजेटबाहेर. टियागो जेटीपी (११४ पीएस) विकायला निघतच नाही, ज्यांच्याकडे आहे ते धरून बसलेत. पोलो जीटी टीएसआय, १०५ पीएस, त्यात सात गिअरचा ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. चालवायला लोणी, पण त्या गिअरबॉक्समध्ये हात घालणारा माणूस रत्नागिरीत मला माहीत नाही, आणि बिघडला तर एका बिलात माझं बजेट आडवं. बलेनो आरएस, १०२ पीएस, वजन जेमतेम ९५० किलो. ही विचारात घेतली.

आणि फिगो १.५ डिझेल. दिसायला साधी, शेजाऱ्यालाही कळणार नाही. १०० पीएस, पण खरी गोष्ट टॉर्कची, म्हणजे इंजिनच्या ओढीची: १७५० आरपीएमपासून २१५ न्यूटन मीटर, तेही हजार किलोच्या आसपासच्या गाडीत. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं, त्यामुळे जुन्या गाड्यांचे भाव उतरले. लोक घाबरतात, तिथे आपलं फावतं. निदान मी तरी स्वतःला असं समजावलंय.

६ ऑक्टोबर, रविवार

चिपळूण. एका विक्रेत्याकडे २०१८ ची टर्बो पेट्रोल. एकहाती, पांढरीशुभ्र, सीट कव्हर कोरी, आत अत्तराचा घमघमाट. भाव बाजारापेक्षा पन्नास हजारांनी कमी. तिथेच मनात पाल चुकचुकली.

मेस्त्री सोबत होते. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. "इंजिन शेवटी बघ रे, ते धुता येतं," म्हणाले, आणि मागच्या सीटचा पट्टा धरून पार शेवटपर्यंत ओढून काढला. वरचा भाग काळा कुळकुळीत, शेवटचा हातभर मात्र मातकट. पट्ट्याच्या विणीत गाळ वाळून बसलेला, आणि त्याची वरची कड फूटपट्टीने आखल्यासारखी. मग सीटखालचे बोल्ट बघितले, डोकी गंजलेली. कप्प्यातलं माहितीपुस्तक फुगून पापडासारखं झालेलं. २२ जुलै २०२१ चा वाशिष्ठीचा पूर त्या गाडीने आतून बघितला होता.

विक्रेता म्हणाला, पावसात काच उघडी राहिली होती. काचेतून आलेलं पाणी सीटबेल्टच्या खोक्यात गाळ घेऊन जात नाही. चहा पिऊन निघालो. पुरातली गाडी आहे असं सांगून स्वस्तात विकणारेही चिपळुणात आहेत, त्यांच्याबद्दल काही म्हणणं नाही. पण वायरिंगचे सांधे आतून हिरवे पडत जातात, आणि ते दोन वर्षांनी घाटात धुक्यात कळतं.

१२ ऑक्टोबर, शनिवार, दसरा

आज माती खाल्ली. मुहूर्ताच्या नादात पुण्याच्या एका विक्रेत्याला फोटो बघून १० हजार टोकन पाठवलं. "साहेब, संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक येतंय." हे वाक्य मी स्वतः इन्व्हर्टर विकताना वापरतो. तरी फसलो.

१४ ऑक्टोबर, सोमवार

रात्रीच्या एसटीने पुणे. गाडी सुरू करूनच ठेवलेली, इंजिन गरम. थंड इंजिन कसं सुरू होतं, धूर किती, काही कळायला मार्ग नाही. ८५० रुपयांचं ओबीडी यंत्र घेऊन गेलो होतो, गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारं, मोबाइलला ब्लूटूथने जोडायचं. एररचा एकही कोड नाही. खूश झालो होतो, पण त्याच ॲपमध्ये खाली एक रकाना असतो: कोड पुसल्यापासून गाडी किती चालली. तिथे ११ किलोमीटर.

म्हणजे मी यायच्या आधी कोड पुसून बिघाडाचे दिवे विझवून ठेवले होते. कसले, ते सांगायला कोणी तयार नव्हतं. टोकनपैकी ३ हजार परत मिळाले, तेही तासभर ऑफिसात ठाण मांडल्यावर. ७ हजार आणि दोन दिवस गेले. यंत्र घेणार असाल, तर हा रकाना आधी उघडा. कोड नसणं आणि कोड पुसलेले असणं यात फरक आहे.

२० ऑक्टोबर, रविवार

ओळखीतल्या एकाची बलेनो आरएस चालवायला मिळाली. भाट्याचा पूल ओलांडून गोळपच्या सड्याकडे चढ घेतला. सुंदर गाडी. हलकी असल्यामुळे वळणात सांगाल तिथे नाक घालते, आणि मागेही डिस्क असल्याने ब्रेकचा विश्वास वाटतो. मालकाने पाच लाख वीस सांगितले आणि वर, "तसा विकायचा विचार नाही." म्हणजे मला फक्त हेवा वाटावा म्हणून दिली असावी.

दुपारी मिऱ्या बंदराकडची आणखी एक बघितली, मॉडेल सांगत नाही, दोष गाडीचा नव्हता. वरून चकाचक. खाली आडवा झालो आणि मागच्या चाकाच्या कमानीत, प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, बोट दाबलं. पापुद्रा सुटून शर्टावर पडला. आता ठरवलं: किनाऱ्यावरची गाडी नको. घाटावरची बघायची.

२७ ऑक्टोबर, रविवार

कोल्हापूर, रंकाळ्याच्या बाजूला. २०१७ ची फिगो डिझेल, टायटॅनियम नावाची आवृत्ती, ७८ हजार किलोमीटर. मालक साखर कारखान्यात नोकरीला. फोनवरच सांगून ठेवलं होतं, सकाळी सुरू करू नका. पोचल्यावर आधी बॉनेटला हात लावला. गार.

चटई अंथरून खाली गेलो. लाल मातीचा ठिपकाही नाही, सगळी काळी माती, तीही कोरडी. फॅक्टरीचं सीलर जागच्या जागी. खरं सांगतो, गाडी तिथेच पसंत पडली, पुढची दीड तास तपासणी मी मेस्त्रींना दाखवायला केली.

पहिल्या चावीला सुरू. थोडा धूर, लगेच विरला. ऑइलचं झाकण उघडून ठेवलं, आतून फुसफूस फार नाही. ओबीडीवर कोड नाहीत आणि पुसल्यापासूनचं अंतर ९ हजारांच्या वर, म्हणजे माझ्यासाठी कोणी पुसले नव्हते. पुढच्या मडगार्डच्या बोल्टांवर पान्याचे ओरखडे नाहीत, म्हणजे ते कधी खोललेले नाही.

मग जोतिबाच्या डोंगरावर नेली. (जोतिबाच्या गावाचं नावही वाडी रत्नागिरीच. रत्नागिरीकराने रत्नागिरीला जाऊन गाडी पास केली.) तिसऱ्या गिअरला चाळीसवर असताना पाय पूर्ण दाबला. क्षणभर काही नाही, मग पाठीला सीट चिकटली. क्लच घसरत नव्हता. मेस्त्री मागे बसले होते, ते फक्त "हं" म्हणाले. त्यांचं "हं" मी सतरा वर्षं ऐकतोय, ते चांगलं "हं" होतं.

दोषही निघाले. ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढते. गतिरोधकावर पुढून डाव्या बाजूला खट् आवाज. टायरवर ३११७, म्हणजे २०१७ च्या एकतिसाव्या आठवड्यातले, गाडीबरोबर आलेलेच. नक्षी बऱ्यापैकी शिल्लक होती म्हणून मालक म्हणाले, "अजून दोन वरसं जात्यात की ओ." नक्षी राहिली तरी रबर दगड झालेलं असतं, ओल्या घाटात ते साबणासारखं वागतं. टायमिंग बेल्ट बदलल्याची नोंद कुठेच नाही.

शेवटी पेटी काढली. घरून आंब्याची रिकामी लाकडी पेटी नेली होती, बाबांच्या प्रश्नाला उत्तर म्हणून. डिकी २५७ लिटर असं कागदावर असतं, त्याचं बाबांना काय? पेटी सरकवून, फिरवून मोजलं: डिकीत तीन, सीट पाडून दहा. मागची सीट अख्खी पडते, अर्धी पाडता येत नाही. म्हणजे एक तर आई, नाही तर आंबे. मालकांच्या मिसेस दारात उभ्या राहून हे सगळं बघत होत्या.

३ लाख ६० हजारांवरून ३ लाख ३५ हजारांवर तुटलं. टायर आणि बेल्ट दाखवल्यामुळे उतरले, गोड बोलण्यामुळे नाही.

एकच घोळ. आरसीवर बँकेचा बोजा अजून आहे. कर्ज केव्हाच फिटलंय, पण बोजा उतरवायचा अर्ज यांनी दिलाच नाही आणि बँकेचं पत्र हरवलं. यावेळी टोकन दिलं नाही. बोजा उतरल्याचं ऑनलाइन दिसलं की पैसे, असं ठरलं.

१० नोव्हेंबर, रविवार

दिवाळी गेली, पत्र नाही. दरम्यान पुण्याच्या एका मित्राने रिमॅपचं पिल्लू सोडलं: इंजिनचं सॉफ्टवेअर बदलायचं, ताकद वाढते. गाडी हातात नसताना मी दोन रात्री त्याचे व्हिडिओ बघितले. मेस्त्रींना विचारलं तर म्हणाले, "आधी ब्रेक कर, मग ताकद वाढव. खाली येताना ताकद लागत नाही." शिवाय विमा कंपनीला न सांगता केलं तर दाव्याच्या वेळी अंगाशी येऊ शकतं. विषय बंद केला.

२४ नोव्हेंबर, रविवार

मंगळवारी बोजा उतरलेला दिसला. विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता चालू होती, नाक्यानाक्यावर गाड्या तपासत होते, आणि पन्नास हजारांच्या वर रोकड सापडली तर हिशेब द्यावा लागतो. त्यामुळे आरटीजीएसने पैसे. तेच बरं, पुरावा राहतो. काल निकाल लागला, आज गाडी ताब्यात.

येताना घाट उतरताना चूक केली. नव्या गाडीच्या कैफात चौथ्यातच राहिलो आणि वळणावळणाला ब्रेकवर पाय. गायमुखाजवळ पोचेपर्यंत जळका वास, आणि पेडल मऊ. बाजूला घेऊन अर्धा तास थांबलो. वास जाईपर्यंत एक कणीस खाल्लं. उरलेला घाट दुसऱ्यात, इंजिनच्या धाकाने उतरलो. ब्रेक ओढतोय हे माहीत असताना ते दुरुस्त न करता घाटात गाडी घालायची नव्हती. मलकापुरात तासभर मोडून ब्रेक ऑइल बदललं असतं तर चाललं असतं.

३० नोव्हेंबर आणि १ डिसेंबर, शनिवार-रविवार

मेस्त्रींच्या शेडमध्ये दोन दिवस. ब्रेक ऑइल काढलं तर कोऱ्या चहासारखं काळं. उजव्या कॅलिपरची (ब्रेकचे पॅड दाबणारा भाग) पिन गंजून जाम, म्हणून डावी एकच बाजू नीट धरत होती. पिन साफ करून ग्रीस, नवे पॅड, डॉट ४ ऑइल: ३,९००.

टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप: १४,२००. जुना बेल्ट बोटांनी उलटा वाकवला तर दातांच्या मुळाशी बारीक चिरा. हा तुटला की पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांना भेटतात आणि मग इंजिनच उतरवावं लागतं. नोंद नसेल तर विचार करू नका, बदला.

लोअर आर्मचे (पुढचं चाक धरणारा खालचा दांडा) रबरी बुश दोन्ही बाजूंचे: ६,२००. यात वेळ गेला. आर्म काढताना बॉल जॉइंटचं रबर फाटलं, हात माझा होता. पार्ट रत्नागिरीत नव्हता, कोल्हापूरहून पार्सल यायला पुढचे तीन दिवस लागले. पार्ट मिळतात, पण समोरच्या दुकानात मिळतील या भ्रमात राहू नका.

टायर चार, १७५/६५ आर १४: १८,४००. रुंद घालायचा मोह होता. याच गाडीच्या स्पोर्ट्स आवृत्तीला १९५/५५ आर १५ आणि कडक सस्पेन्शन आहे, वळणात ती नक्कीच जास्त मजा देईल. पण हातखंब्यापासून पुढे चौपदरीकरणाचं खोदकाम बघितलंय ना? तिथे उंच बाजूचा टायर रिम वाचवतो. मूळ मापच ठेवलं.

८ डिसेंबर, रविवार

तळाला गंजरोधक कोटिंग मारून घेतलं, ४,५००. शनिवारी धुऊन रविवारी सकाळी मारलं.

२२ डिसेंबर, रविवार

कोटिंग सुटतंय. चेसिसच्या खाचांमधलं पाणी एका रात्रीत वाळलं नव्हतं, त्यावरच थर बसला. बेकारातली बेकार गोष्ट ही की अशा कोटिंगखाली पाणी अडकून कोटिंग नसल्यापेक्षा जास्त गंज धरतो. सगळं खरवडलं, गाडी दोन दिवस उन्हात स्टँडवर ठेवली, आणि मग मेस्त्री आणि मी ब्रशने मारलं. पोकळ भागांत मेणाचा स्प्रे. सामान ३,००० चं. मजुरी म्हणून मेस्त्रींना सुरमई.

आपल्याकडे जळकं ऑइल तळाला मारायची जुनी पद्धत आहे. पत्र्याला चालेल, पण ते बुशांवर उडालं की रबर फुगून खराब होतं. सहा हजारांचे बुश नुकतेच घातलेत, त्यामुळे नाही.

कागदपत्रं: कोल्हापूरची नाहरकत, फॉर्म २९ आणि ३०, एजंटसकट ४,२००. विमा ९,८००. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही, तो त्यांच्याबरोबर जातो. मी तो धरून हिशेब केला होता. विमा नावावर करून घ्यायला चौदा दिवस असतात, आरटीओच्या कामात ते विसरायला होतं.

१२ जानेवारी २०२५, रविवार

सगळं झाल्यावर पहिला घाट, वर जाताना, एकटा.

निम्मा घाट मी वैतागलो. आवळ वळणात दुसऱ्या गिअरला आरपीएम तेराशेवर येतात, आणि १७५० च्या खाली ही गाडी झोपलेली असते. पाय दाबला तरी आळस देते. बलेनो याच जागी खेळकर वाटली असती असं दोनदा मनात आलं. मग पद्धत बदलली. वळणाच्या आधी ब्रेक लवकर संपवायचा, वळण थोडं बाहेरून आणि वाहत्या वेगात घ्यायचं, आरपीएम अठराशेच्या खाली जाऊ द्यायचे नाहीत. अगदीच आवळ असेल तर लाज न बाळगता पहिला. वरच्या टप्प्यापर्यंत जमलं. चिऱ्याचा ट्रक मिळालाच. सरळ तुकडा, समोर मोकळं, ट्रकवाल्याने हात दाखवला, आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात जाईपर्यंत तो आरशात लहान झाला होता. मी गाडीत एकटाच मोठ्याने हसलो.

वळणात अंग थोडं टाकते, स्टिअरिंग हलकं आहे, हाताला रस्ता फारसा सांगत नाही. पण बुश बदलल्यावर नाक सरळ राहतं. टाकी ते टाकी १९.४ चा ॲव्हरेज, घाट धरून.

हिशेब: गाडी ३,३५,०००, दुरुस्ती आणि टायर ४२,७००, कोटिंग दोनदा मिळून ७,५००, कागद आणि विमा १४,०००, बुडालेलं टोकन ७,०००, एसटी, डिझेल, जेवणखाण ६,३००, ओबीडी यंत्र ८५०. एकूण ४,१३,३५०. बजेटच्या वर १३,३५०, त्यातले ७ हजार दसऱ्याच्या मुहूर्ताचे आणि साडेचार हजार न वाळलेल्या पाण्याचे.

१९ जानेवारी, रविवार

आठवडाभर मागून डाव्या बाजूने टिकटिक. शॉकअॅब्सॉर्बर असेल म्हणून धडकी भरली. मेस्त्रींनी चाक हलवलं, दाबून बघितलं, काही नाही. शेवटी मागची सीट पाडली. बिजागरीपाशी एक बारीक खिळा घरंगळत होता, पेटीचा. कोल्हापुरात मोजायला घातली होती तेव्हा सुटलेला.

बाबांनी तो सरळ करून पडवीतल्या डब्यात टाकला. एप्रिलला लागेल म्हणाले.